सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये बॅकअप टेप अडकली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि शहरातल्या काही पतसंस्था-दवाखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. टेपचा फोन आला की सुरुवात ठरलेली असते: "भाऊ, टेप आत गेली, बाहेर येईना." मग मी तेच ते सांगतो आणि समोरचा तोपर्यंत स्क्रूड्रायव्हर शोधत असतो. दर वेळी नव्याने घसा कोरडा करण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. इथं टेप म्हणजे मुख्यतः एलटीओ (सर्व्हरमधल्या डेटाची प्रत ठेवायची एक प्रकारची टेप, पुढचा आकडा तिची पिढी सांगतो), कारण अजून कुणाकडे टेप असेलच तर ती बहुधा हीच असते. जुन्या, छोट्या डॅट कॅसेटबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

बाहेर काढायचं बटण दाबलं, टेप येत नाही. आधी काय करू?

काही करू नका. घड्याळात वेळ बघा, चहा सांगा, दहा मिनिटं थांबा.

हे टाळाटाळ म्हणून सांगत नाही. गाण्यांच्या कॅसेटला दोन रिळं असायची. कुठंही थांबवा, बटण दाबा, कॅसेट हातात. एलटीओच्या डब्यात रीळ एकच असतं. दुसरं रीळ ड्राइव्हच्या पोटात असतं. टेप आत गेली की ड्राइव्ह तिच्या टोकाची धातूची पिन पकडतो, टेप डब्यातून ओढून आपल्या रिळावर गुंडाळत जातो. म्हणजे काम चालू असताना टेप अर्धी डब्यात, अर्धी ड्राइव्हमध्ये. बाहेर यायचं तर ती सगळीच्या सगळी परत डब्यात जायला हवी. एलटीओ-५ आणि ६ची टेप ८४६ मीटर लांब असते. शेवटाला असेल तर नुसती गुंडाळायलाच दीड-दोन मिनिटं लागतात. त्यात ड्राइव्हला कुठं वाचायला त्रास होत असेल तर तो पुन्हा पुन्हा मागेपुढे करतो. तेव्हा आणखी वेळ.

हिरवा दिवा लुकलुकतोय का बघा. ड्राइव्हला कान लावा. बारीक घरघर ऐकू येत असेल तर टेप अडकलेली नाही, परतीच्या वाटेवर आहे.

मधेच वीज गेली. आली तेव्हापासून ड्राइव्ह नुसता गुरगुरतोय.

गुरगुरू द्या. वीज गेली तेव्हा टेप मधेच ताणलेली राहिली. वीज आल्यावर ड्राइव्ह आधी आपण कुठं आहोत हे तपासतो, मग हळूहळू टेप मागे घेतो. नेहमीपेक्षा सावकाश, कारण ताण किती आहे ते त्याला नव्यानं जोखायचं असतं. नेमकं याच वेळी कुणीतरी "हँग झालं" म्हणून पुन्हा स्विच बंद करतं, आणि साधी गोष्ट अवघड होऊन बसते.

यूपीएस सर्व्हरला आहे पण बाहेरच्या टेप ड्राइव्हचा प्लग भिंतीवरच्या साध्या बोर्डात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता गेल्या गेल्या आधी ती वायर कुठं जाते ते बघतो.

कोरी एलटीओ-९ टेप घातली. पाऊण तास झाला, ना लिहिते ना बाहेर येते.

बहुतेक सगळं ठीक आहे. एलटीओ-९ची नवी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिची मोजणी करून घेतो. सरासरी ४० मिनिटं, क्वचित २ तासांपर्यंत. हे त्या टेपच्या आयुष्यात एकदाच होतं. मधे तोडू नका. कोऱ्या टेपांचा खोका आला असेल तर एखाद्या शनिवारी ओळीनं सगळ्या घालून हे काम उरकून ठेवा. रात्रीच्या बॅकअपच्या वेळी ही वाट बघणं परवडत नाही.

आवाज नाही, लाल-पिवळा दिवा नाही, सगळं शांत. पण बटण दाबलं तरी ढिम्म.

मला येणाऱ्या फोनांत हाच प्रकार सगळ्यात जास्त. इथं यांत्रिक बिघाड नसतोच. बॅकअप सॉफ्टवेअरनं ड्राइव्हला सांगून ठेवलेलं असतं की मी म्हणेपर्यंत दार उघडू नकोस. सर्व्हर आणि ड्राइव्ह ज्या एससीएसआय भाषेत बोलतात, तिच्यात तशी रीतसर आज्ञाच आहे. ती लागू असेपर्यंत बटण म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. रात्रीचं काम अर्धवट मेलं, सॉफ्टवेअर कुलूप काढायला विसरलं, आणि सकाळी आठला पहिल्या पाळीच्या माणसानं बटण दाबलं, की मला फोन.

क्रम असा. आधी बॅकअप सॉफ्टवेअर उघडून चालू कामं बघा. एखादं काम लटकलेलं दिसलं तर ते रद्द करा आणि पूर्ण रद्द होईपर्यंत थांबा. मग टेप बाहेर काढायची आज्ञा त्या सॉफ्टवेअरमधूनच द्या. बटणाला हात लावू नका. व्हीम असो, बॅकअप एक्झेक असो की बॅक्युला, ज्यानं कुलूप लावलं त्याच्याकडूनच ते काढून घ्यावं.

तरी नाही सुटलं तर बॅकअपची सेवा थांबवा. लिनक्सवर असाल तर एलएसओएफ या आज्ञेनं बघा की एनएसटी-शून्य हे टेपचं उपकरण कुणी धरून ठेवलंय का. त्या प्रक्रियेची अवस्था डी दिसत असेल तर ती कर्नलमध्ये अडकलीय. तिला मारायच्या भानगडीत पडू नका, मरत नाही. बाकी कुणी धरलेलं नसेल तर टेप हाताळणाऱ्या एमटी या आज्ञेला ऑफलाइन सांगा. ती टेप गुंडाळून बाहेर ढकलतो. तिलाही नकार मिळाला तर एसजी३-युटिल्स या साधनसंचातली प्रिव्हेंटची आज्ञा परवानगीच्या पर्यायासह ड्राइव्हला पाठवा, कुलूप निघतं. मग पुन्हा एमटी. यात दहातले बहुतेक प्रसंग मिटतात आणि मला सातपूरला चक्कर पडत नाही.

बटण दाबून धरलं की जबरदस्तीनं बाहेर येते म्हणतात. धरू का?

धरता येतं, पण वरचं सगळं करून झाल्यावर. बऱ्याच ड्राइव्हमध्ये बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की ड्राइव्ह सॉफ्टवेअरचं कुलूप न जुमानता टेप सोडायला लागतो. नेमकं किती वेळ धरायचं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, कारण काहींमध्ये जास्त वेळ धरलं तर ड्राइव्ह नव्यानं सुरू होतो, तो वेगळा प्रकार. धरून सोडल्यावर पुन्हा दहा मिनिटं थांबणं आलंच.

किंमत एवढीच की लिहिणं चालू असताना असं केलं तर डेटा कुठं संपतो याची खूण टेपवर नीट लागत नाही. त्याचे हाल पुढे सांगितलेत.

मग सरळ सर्व्हरच बंद करून चालू करतो.

ड्राइव्ह बाहेरच्या पेटीत असेल तर सर्व्हरला त्रास कशाला? बॅकअपची सेवा थांबवा, ड्राइव्ह बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. कुलूप विसरलं जातं आणि ड्राइव्ह टेप मागे घेतो. चालू झाल्या झाल्या बटणाला हात नको, तो स्वतःला तपासत असतो. ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात असेल तर मात्र सर्व्हर पूर्ण बंद करूनच वीज जाते. नुसत्या रीस्टार्टनं ड्राइव्हची वीज तुटत नाही, म्हणून "तीनदा रीस्टार्ट केलं" याला मी एकदाही धरत नाही.

एक गोष्ट बंद करण्याआधी करा. ड्राइव्हची नोंद काढून घ्या. एचपीच्या ड्राइव्हला त्यांचं लायब्ररी अँड टेप टूल्स, आयबीएमच्या यंत्रणेवरच्या ड्राइव्हला आयटीडीटी, दोन्ही फुकट मिळतात. आत काय झालं होतं हे ड्राइव्हनंच लिहून ठेवलेलं असतं. ही साधनं चालवताना बॅकअपची सेवा बंद ठेवायची, नाहीतर दोघंही ड्राइव्हवर हक्क सांगतात.

ड्राइव्हवर छोटा आकडा दिसतोय. त्याचा अर्थ?

आयबीएमच्या यंत्रणेचे ड्राइव्ह एक अक्षर दाखवतात. ५ म्हणजे ड्राइव्हचाच बिघाड. ७ म्हणजे टेपचा दोष. ६ म्हणजे दोघांपैकी कुणाचा तरी, ठरवा तुम्ही. सी म्हणजे सफाई हवी. ६ आला आणि टेप आतच असेल तर घाईनं दुसरी टेप शोधू नका, आधी आतली बाहेर येऊ द्या.

सगळेच ड्राइव्ह टेपअलर्ट नावाच्या ६४ ठरलेल्या सूचना देतात, त्या बॅकअपच्या नोंदीत दिसतात. आपल्या कामाच्या दोन-तीनच. १० म्हणजे काम चालू आहे, म्हणून बाहेर काढता येणार नाही. १३ आणि १४ दोन्ही टेप तुटल्याचं सांगतात. १३मध्ये डबा बाहेर येतो. १४मध्ये येत नाही, आणि तिथं स्वतः ओढाताण करू नका असंच ड्राइव्ह सांगतोय. १४ दिसला की बटण, सॉफ्टवेअर, रीस्टार्ट सगळं थांबवा आणि उघडण्याबद्दलचा प्रश्न वाचा.

टेपचा डबा अर्धा बाहेर दिसतोय. चिमट्यानं ओढला तर?

डबा दिसतोय म्हणून ओढावासा वाटतो. पण त्याच्या मागे टेपचं टोक ड्राइव्हच्या रिळाला अडकलेलं असलं तर तुम्ही डबा ओढत नाही, टेप ओढताय. ६.४ मायक्रॉन जाडीची फीत आहे ती, केसापेक्षा कितीतरी पातळ. आधी डब्याच्या आणि ड्राइव्हच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. चकचकीत काळी पट्टी दिसली तर हात मागे.

पट्टी नसेल, डबा मोकळा असेल आणि तरी अडला असेल तर बहुतेक लेबल. अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. टेपच्या वरच्या बाजूला कुणीतरी गुलाबी स्टिकर लावून पेननं "मार्च एंड, पुसू नये" लिहिलं होतं. उन्हाळ्यात डिंक सुटला, एक कोपरा वर आला आणि डबा बाहेर येताना तोच कोपरा ट्रेच्या कडेला दुमडून बसला. ड्राइव्ह बंद करून जुन्या सिमकार्डाचं प्लॅस्टिक त्या फटीत आडवं सरकवलं, कोपरा दाबला आणि डबा बोटानंच बाहेर आला. पुसू नये म्हणून लावलेल्या चिठ्ठीनंच घोळ केला होता. लेबल लावायचं तर डब्यावर त्यासाठी ठरवून दिलेल्या खोलगट जागेतच. जुन्यावर नवं चिकटवायचं नाही.

ऑटोलोडरमध्ये, म्हणजे रोबॉटच्या हातानं टेपा बदलणाऱ्या यंत्रात, अडकली तर?

आधी ठरवा की अडकली ड्राइव्हमध्ये की रोबॉटच्या हातात. लोडरच्या पटलावरून किंवा एमटीएक्स या आज्ञेनं स्थिती विचारा. ड्राइव्हनं टेप सोडली असेल आणि हातानं उचलली नसेल तर पटलावरूनच ड्राइव्हमधून खणात हलवायची आज्ञा द्या. दार उघडून हात घालायचा असेल तर आधी वीज बंद. तो हात टेप उचलायला बनवलाय, तुमची बोटं मधे आली हे त्याला कळत नाही.

ड्राइव्ह उघडायची वेळ आली हे कधी समजावं? आत काय दिसतं?

टेपअलर्ट १४ आला, वीज बंद-चालू करूनही दहा मिनिटांत काही हाललं नाही, किंवा आतून टकटक आणि मोटर अडखळल्यासारखा आवाज आला, की उघडायची वेळ झाली. ड्राइव्ह वॉरंटीत असेल तर उघडू नका, कंपनीला बोलवा. आणि आतली टेप तुमच्याकडची त्या डेटाची एकमेव प्रत असेल तर वॉरंटी असो नसो, उघडू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबबद्दल पुढे आहे. ड्राइव्ह नवा मिळतो. टेपवरचं २०१९चं खातं नवं मिळत नाही. काय पणाला लावायचं ते यावरूनच ठरवा.

दुसरी प्रत असेल आणि हात स्थिर असेल तर पुढे जा. ड्राइव्ह सर्व्हरमधून काढा, स्वच्छ टेबलावर ठेवा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, हातात धागे न सुटणारे मोजे. चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर तिथं आणायचाच नाही. आमच्याकडे एक पोरगा टोकाला चुंबक असलेल्या ड्रायव्हरवर फार खूश होता. तो ड्रायव्हर आता दुचाकीच्या डिकीत असतो. वरचं झाकण तारेच्या आकाराच्या टोकाच्या स्क्रूंवर असतं.

झाकण निघालं की एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला ड्राइव्हचं रीळ, मधे वाचणारं डोकं आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या फिरत्या कप्प्या दिसतात. टेप डब्यातून निघून कप्प्यांवरून डोक्याला टेकून रिळावर जाते. पहिला फोटो आत्ताच काढा, कशालाही हात लावण्याआधी.

आता काय झालंय ते ओळखा. टेप ताठ आणि सरळ असेल तर मोटर किंवा ट्रे उचलणारी यंत्रणा बसलीय, टेप ठीक आहे. कप्प्यांमधे टेप ढिली होऊन लोंबत असेल किंवा कप्पीखाली गेली असेल तर गुंता आहे. पिन रिळाजवळ एकटी असेल आणि टेप तिला जोडलेली नसेल तर टोक सुटलंय. टेप मधेच तुटून दोन टोकं दिसत असतील तर तुटलीय. सगळी टेप ड्राइव्हच्या रिळावर असून डबा रिकामा दिसला तर टेप डब्याच्या रिळावरून सुटलीय, हे क्वचित.

ताठ टेपच्या बाबतीत काम सोपं आहे. डब्याचं रीळ फिरवणाऱ्या मोटरला मॉडेलप्रमाणे चावी लावायची सोय असते. ती हळूहळू, गुंडाळण्याच्या दिशेनं फिरवत टेप डब्यात घ्यायची. वेळ लागतो. रेडिओवर क्रिकेट लावा. पिन डब्याच्या दारात बसल्यावर ट्रेचं दातेरी चाक बोटानं फिरवून ट्रे वर आणला की डबा सुटतो. ढिल्या टेपच्या बाबतीत आधी ढील ड्राइव्हच्या रिळावर हळूच घ्यायची, टेप प्रत्येक कप्पीच्या मधोमध बसली आहे हे बघायचं, आणि मगच डब्याकडे गुंडाळायला घ्यायची. टेपला उघड्या बोटानं शिवायचं नाही. काठ दुमडला असेल तर इस्त्री करायची नाही, तसाच आत जाऊ द्यायचा.

टोक सुटलं असेल किंवा टेप तुटली असेल तर माझं काम फोटो काढण्यापर्यंत.

टेप सुरुवातीलाच तुटली. म्हणजे पहिल्या काही फायलीच गेल्या ना?

नाही, आणि हा गैरसमज महाग पडतो. एलटीओ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, मग उलटा परत येतो, पुन्हा जातो. शेतात बैल नांगरतात तसा. एलटीओ-६मध्ये एकूण २१७६ माग (लिहायच्या समांतर रेघा) असतात, डोकं एका फेरीत १६ लिहितं, म्हणजे टेप पूर्ण भरायला १३६ फेऱ्या. टेपवर डेटा सुरू होतो तिथल्या पहिल्या पाच मीटरांत या १३६ फेऱ्यांपैकी प्रत्येकीचा थोडा भाग असतो. तिथं तुटलं तर डेटा सुरुवातीचाच नव्हे, जागोजागचा गेला.

म्हणूनच तुटलेली टेप चिकटपट्टीनं जोडून चालू ड्राइव्हमध्ये घालायची नाही. जोड डोक्यावरून जाताना डोकं घासतं, आणि एका टेपसाठी ड्राइव्ह गमावून बसता. पिनजवळ सुटलेलं टोक मात्र पुन्हा पिनला जोडायचं साधन मिळतं. तशी जोडलेली टेप एकदाच वाचायची, डेटा दुसरीकडे उतरवायचा आणि तिला निवृत्त करायचं.

टेप बाहेर आली! दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघतो.

थांबा. बिघडलेली टेप चांगला ड्राइव्ह बिघडवते आणि बिघडलेला ड्राइव्ह चांगली टेप बिघडवतो. एका कंपनीत मी पोचेपर्यंत त्यांनी तीच टेप शेजारच्या ड्राइव्हमध्ये घालून तोही बसवला होता, आणि तिसरा ड्राइव्ह आणायला माणूस पाठवला होता.

आधी लिखाणबंदीचं छोटं सरकतं बटण बंदच्या बाजूला करा. मग डब्याच्या कोपऱ्यावरचं सरकतं दार नखानं उघडा. आत धातूची बारीक पिन सरळ उभी, दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या चापात बसलेली दिसली पाहिजे. तिरकी किंवा गायब असेल तर ती टेप कुठल्याही ड्राइव्हमध्ये जायची नाही. दुचाकीच्या डिकीतून टेप घरी नेणाऱ्यांची पिन हमखास निसटते, एकदा पडली की पुरे. टेपचा काठ दिसेल तेवढा बघा. चुण्या, दातेरी कड, चिकटपणा असेल तर थांबा.

ज्या ड्राइव्हमध्ये अडकली होती त्याला आधी बिनकामाची टेप द्या. ती दोनदा व्यवस्थित आत-बाहेर झाली, लिहिली-वाचली, तरच मूळ टेपचा विचार करा.

वाचते, पण सॉफ्टवेअर म्हणतं शेवट सापडत नाही.

लिहिताना ओढून काढलेली किंवा वीज गेलेली टेप. डेटा कुठं संपतो याची खूण टेपवर आणि डब्यातल्या चिपमध्ये लागायची राहून गेली. तिच्यावरचं आधीचं सगळं बहुतेक शाबूत असतं. चूक होते ती पुढे: "नीट करू" म्हणून कुणीतरी थोडंसं नवं लिहितं. नवं जिथं संपतं तिथंच शेवट धरला जातो आणि त्यापलीकडचं ड्राइव्ह वाचायलाच जात नाही. लिखाणबंदी करून टेपवर काय काय आहे याची यादी नव्यानं बनवायचं काम लावा. वेळ लागेल. एलटीओ-६ पूर्ण वेगानं, सेकंदाला १६० मेगाबाइट, वाचली तरी २.५ टेराबाइटला साडेचार तासांच्या आसपास.

ड्राइव्ह गेला, नवा घेतला. जुनी टेप चालेल का?

एलटीओ-७पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतात, एक पिढी मागचं लिहितात. एलटीओ-८ फक्त ७ आणि ८. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. म्हणजे एलटीओ-५च्या टेपांसाठी नवाकोरा एलटीओ-८ घेऊन आलात तर दुकानदाराचं भलं झालं. जुन्या टेपा आहेत तोवर एक जुना, चालू ड्राइव्ह कपाटात जपून ठेवा.

टेप एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली कुठं आहे ते आजच शोधा. एलटीओ-४पासून ड्राइव्हच एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीनं डेटा कुलपात टाकतो, किल्ली सॉफ्टवेअरकडे असते. किल्ली त्याच टेपवर बॅकअप करून ठेवलेली पाहिलीय मी. हसू आलं नाही तेव्हा.

आमच्याकडे अजून जुना डॅट ड्राइव्ह आहे.

त्याची कॅसेट छोटी, दोन रिळांची. टेप बाहेर खेचून फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली जाते, जुन्या व्हीसीआरसारखी. अडकते तेव्हा वेटोळं पिंपाभोवतीच राहतं. झाकण काढून यंत्रणेच्या मोटरचा स्क्रू सावकाश फिरवला की वेटोळं सैल होऊन कॅसेट वर येते. आधी ढील रिळात घ्यायला विसरू नका. आणि बाहेर आली की त्याच दिवशी डेटा डिस्कवर उतरवा, पुढच्या वेळेची वाट बघू नका.

पावसाळ्यातच जास्त का अडकतात?

आर्द्रता. ड्राइव्ह २० ते ८० टक्के आर्द्रतेत चालायला बनवलेत, टेप दीर्घकाळ ठेवायची तर १६ ते २५ अंश आणि ५० टक्क्यांखाली. श्रावणात नाशिकच्या बंद खोलीत हे आपोआप जुळत नाही. त्यात टेप लॉकरमधून थंडगार सर्व्हर रूममध्ये आणून लगेच ड्राइव्हमध्ये. किंवा उलटं, जानेवारीत निफाडकडच्या गोठलेल्या गोदामातून उबदार खोलीत, आणि टेपवर दव. एक दिवस त्या खोलीत तशीच ठेवून मग वापरा. एमआयडीसीत याच्या जोडीला धूळ. सर्व्हर रूमचं दार उघडं ठेवून आत ग्राइंडरचा कीस जाऊ देणाऱ्यांना सफाईची कॅसेट वाचवू शकत नाही.

आणि पूर. ऑगस्ट २०१९मध्ये गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं यावरून गावाचा अंदाज चालतो, पण तळघरातल्या कपाटाला तेवढा अवधी मिळत नाही. टेप भिजली असेल तर ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका. सरळ लॅब.

लॅबकडे कधी पाठवायची, कशी पाठवायची?

एकमेव प्रत, तुटलेली, भिजलेली किंवा टोक सुटलेली: या चारांत. लॅब मुंबई-पुण्याकडे. टेप ड्राइव्हमध्ये अडकली असेल तर ड्राइव्हसकट द्या, सोडवायचा प्रयत्न करून नव्हे. डबा मूळ प्लॅस्टिकच्या खोक्यात, उभा, भोवती चारही बाजूंनी फोम. सोबत कागदावर लिहा: ड्राइव्हचं मॉडेल, कुठलं सॉफ्टवेअर, एन्क्रिप्शन आहे का, काय काय करून पाहिलंत. शेवटचं खरं लिहा. कसारा घाटातून हातानं नेता आली तर उत्तम.

साहेब म्हणतात, एवढं झंझट असेल तर टेपा टाकून द्या.

साहेबांना विचारा, हिशेब किती वर्षं ठेवायचे असतात. कंपनी कायदा २०१३प्रमाणे लेखापुस्तकं ८ आर्थिक वर्षं, जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. कपाटात पडून राहणारी, वीज न खाणारी आणि रॅन्समवेअरच्या हाताला न लागणारी प्रत या कामाला आजही स्वस्त पडते. फक्त वर्षातून एकदा एखादी टेप काढून खरंच वाचून बघा, सगळ्या फायली उघडून. बॅकअप यशस्वी असा हिरवा शिक्का आणि उघडलेली फाइल यांत अंतर असतं.

ड्राइव्ह बिघडला म्हणून नवा बसवला. जुना भंगारात देऊ?

द्या, पण आधी त्याच्या तोंडाची झडप बोटानं उघडून टॉर्च मारा. सिन्नरमध्ये एका ठिकाणी तीन वर्षं कपाटावर पडलेला ड्राइव्ह उचलला तर नेहमीपेक्षा जड लागला. आत डबा होता, आणि त्याच्या कडेला निळ्या पेननं लिहिलेलं: पगार, सगळे कामगार.